अठ्ठेचाळीस मुद्द्यांची अंगणवाडी

घरातलं माणूस गेलं की त्याच्याबरोबर कोणकोणती माहिती गेली, हे सहसा तेराव्यानंतर कळतं. दिघीच्या भिमाजी वाळुंजांना ते त्याच दिवशी कळलं. सकाळी दवाखान्यातून फोन आला, त्यांच्या पत्नी कौशल्याबाई गेल्या. दुपारी माणसांनी भरलेल्या घरात साडेतीन वर्षांची नात संस्कृती पाठीला दप्तर लावून उभी राहिली. सोमवारपासून अंगणवाडीत जायचं, असं आजीने सांगितलं होतं. तो सोमवार होता. कुठल्या अंगणवाडीत, ते फक्त आजीला माहीत.

मुलगा-सून चाकणला, शिफ्टवर. भिमाजी एकतीस वर्षं कंपनीत क्वालिटीला होते. खिळा घ्यायचा तरी पुरवठादाराचा कारखाना आधी तपासायचा, हा त्यांचा धर्म. इथे तर नात द्यायची होती. चालत जाण्याजोग्या अंगणवाड्या चार. त्यांनी अठ्ठेचाळीस मुद्द्यांचा जुना तक्ता काढला, 'बॉयलर' खोडून तिथे 'खिचडी' लिहिलं आणि निघाले.

प्रत्येक ठिकाणी तीन भेटी: एक कळवून, एक न कळवता, एक लाइट गेलेली असताना. पहिल्या अंगणवाडीच्या काट्यावर संस्कृती बारा किलो भरली, दुसरीच्या तेरा. (वाटेत तिने केळ खाल्लं होतं. ते वजा केलं.) तिसरीत दोन मुलं एकच गाणं दोन चालींत म्हणत होती. शेरा: 'कार्यपद्धतीत एकवाक्यता नाही.' आई सोडून घरी गेल्यावर मुलांच्या रडण्याचा सरासरी काळ सहा मिनिटं. शेजारचं मूल आधीपासून रडत असल्यास नऊ.

संस्कृती दरवेळी उंबऱ्याशी थांबायची.

"आबा, मी आत बसू?"

"तपासणी चालू हाय, बाळा. मधी जायचं नसतं."

यात पाच महिने गेले. चौथी अंगणवाडी घरामागच्याच गल्लीत, म्हणून ती शेवटी ठेवलेली. खिचडी मऊ, खेळणी पुसलेली. पण पटावर मुलं बावीस आणि हजर एकवीस. एक मूल जूनपासून एकदाही आलेलं नाही.

"पाठपुरावा नाही तुमचा," म्हणत भिमाजींनी दहा गुण कापले.

"करते की, आबा," अंगणवाडीच्या योगिनीताई म्हणाल्या. "त्या पोरीची आजी स्वतः नाव लिहून गेली. नंबर आजीचाच दिलाय. लावते, तर बंद लागतो."

त्यांनी पट पुढे केला. संस्कृती वाळुंज. नंबर भिमाजींना वाचावा लागला नाही, पाठ होता.

कापलेले गुण त्यांनी परत दिले नाहीत. भरलेल्या तक्त्यात खाडाखोड चालत नाही, आणि दोष खरा होता. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव घातलं. 'दुरुस्तीची तारीख' समोर लिहिलं, सोमवार.

शेजारच्या गोरक्षने तक्ता पाहिला. "आबा, हे लोकांना कळाय पाहिजे," म्हणून ग्रुपवर टाकला. तीन दिवसांत दोनशे चौदा जणांनी तो पुढे पाठवला. त्यांपैकी कोणी एखाद्या अंगणवाडीत डोकावल्याची नोंद नाही. सगळ्यांनी एवढंच विचारलं, पहिला नंबर कोणाचा? (तुम्हीही तेच विचारणार होता.)

विचारणाऱ्यांना उत्तरं देता देता त्या तारखेनंतर तीन सोमवार होऊन गेले. संस्कृतीला अंगणवाडीत सोडायचं अजून राहिलंय.