आठ लाल बादल्या आणि टँकरचा नंबर

आमच्या प्रसूतिगृहाची अग्निसुरक्षा तपासणी झाली आणि आम्ही नापास झालो. आता हे वाक्य विसरा. तपासणी अजून व्हायची आहे, सकाळचे साडेआठ झालेत आणि आपण पास होणार म्हणजे होणारच!

व्हावंच लागणार होतं. औशातल्या या वीस खाटांच्या प्रसूतिगृहात मी तीन महिन्यांच्या बोलीवर कारकून. डॉक्टर रुद्राणीबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं तर तू कायम, नाहीतर तुझ्या जागी माझा भाचा. भाचा दोनदा येऊन माझ्या खुर्चीत बसूनही गेला होता.

तयारी मात्र जबरदस्त. आग विझवायचं नळकांडं नवरदेवासारखं पुसलं. आठ बादल्यांना लाल रंग, वर पांढऱ्या अक्षरांत 'आग'. या बादल्या बुडाला गोल. खाली ठेवली की लोळते, म्हणून कुणी पळवत नाही. सरकारी अक्कल!

पूर्वी जिल्हा उस्मानाबाद होता तेव्हा साहेब यायच्या आधी साहेबांची बातमी यायची. आता लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा, नवा उत्साह. दहाला येणारे तपासणीचे शेषेराव साहेब पावणेनऊलाच दारात.

"बादल्या?"

मी भिंतीकडे बघितलं. आठ खुंट्या. नुसत्या खुंट्या. म्हणालो, रंगवायला दिल्यात. साहेब म्हणाले, चला, रंगारी दाखवा.

कोपरा वळलो तर टँकरची रांग. दुष्काळामुळे टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि पहाटेच भांडी ठेवून नंबर लागायचे. हंडे, घागरी, तुपाचे डबे, आणि अकरा ते अठरा नंबरला आग, आग, आग, आग... प्रत्येक बादली चिंध्यांच्या गोल चुंबळीवर ताठ बसलेली. चुंबळीचं सरकारला सुचलं नव्हतं, आमच्या आयाबाई पार्वतीबाईंना सुचलं होतं. त्या शेजारीच उभ्या होत्या.

साहेबांनी हुकूम सोडला, बादल्या जागेवर न्या.

"न्या की," पार्वतीबाई म्हणाल्या. "मंग पाच बाळंतिनीला पानी तुमीच आनून द्या."

साहेबांनी पुस्तिकेतला नियम वाचला. बादली जागेवर हवी आणि भरलेली हवी. मी चाचरत म्हणालो, साहेब, भरायची तर रांगेत, आणि रांगेत तर जागेवर नाही. त्यांनी पुस्तिका उलटसुलट चाळली. दुष्काळावर पान नव्हतं. चिडून त्यांनी अकरा नंबरची बादली उचलली, आणि तिथंच चुकले.

"उचलली ना? आता हलू नका साहेब," पार्वतीबाई म्हणाल्या. "भांडं ज्याच्या हातात, नंबर त्याचा. आत एकीचं पोट दुखायलंय, मी येते बघून."

त्या गेल्या. साहेब उभे. तेवढ्यात टँकर आला, पहिले दहा नंबर झाले आणि बायांनी साहेबांना नळीपुढं ढकललं. गर्दीत चुंबळी तुडवल्या गेल्या. आता भरलेली बादली ठेवायची कुठं? लोळून सांडली तर बाया खाऊन टाकतील. साहेबांनी ती मागं मला दिली, मी माझ्या मागच्या बाईला, तिनं तिच्या मागचीला. अशी हातोहात बादली थेट वॉर्डाच्या दारात! चार मिनिटांत आठही बादल्या, थेंब न सांडता.

साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "असा सराव मी नोकरीत बघितला नाही. प्रमाणपत्र आण, सही करतो. फक्त खुंट्या एकदा बघू."

साहेबांना घेऊन मी तरंगतच आत गेलो. खुंट्यांवर आठ बादल्या ओळीनं टांगलेल्या. आठही रिकाम्या.

पार्वतीबाई दुपट्यातलं बाळ दाखवत म्हणाल्या, "पोरगी झाली. आत्ताच. पानी अगदी टायमावर आलं बघा, समदं लागलं."

साहेबांनी पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पेनाकडे. शेरा लिहिला: सराव उत्कृष्ट. बादल्या रिकाम्या. नापास. पंधरा दिवसांनी फेरतपासणी, सकाळी नऊ वाजता.

तेवढे पंधरा दिवस भाच्याला थांबवलं आहे. तरी वरिष्ठांना नम्र विनंती, की फेरतपासणीच्या दिवशी सकाळी आठ ते दहा या वेळेत औसा तालुक्यात कोणीही जन्म घेऊ नये, असा आदेश त्वरित काढण्यात यावा.