अण्णांची नऊवारी

भास्करअण्णा माणसाला पायापासून वर बघत जातात. आधी चप्पल, मग पायजमा, मग बाह्या. चेहऱ्यापर्यंत पोचतात तेव्हा निकाल लागलेला असतो. "लोंबतंय काय?" हा त्यांचा रामराम. लोंबत असेल तर घरी परत.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर अण्णांची उभी हयात गेली. तिथं मफलर, ओढणी, सुटलेली नाडी, काही म्हणजे काही चालायचं नाही. निवृत्त झाल्यावर ही शिस्त ठेवायची कुठं, म्हणून त्यांनी ती आमच्या नाशिक रोडच्या तरुण मंडळात आणली. वय अडुसष्ट. तरुण मंडळात तुम्ही कसे, असं कुणी विचारलंच तर म्हणतात, "घटनेत वय लिहिलेलं दाखव." आम्ही मंडळाची घटना शोधली. ती कुणाकडेच निघाली नाही.

रक्तदानाला घट्ट बाह्यांचा शर्ट घालून गेलो म्हणून मला, मंडळाच्या सचिवाला, त्यांनी रांगेतून बाहेर काढलं. पांडवलेण्यांच्या सफाईला माझी बायको उंच टाचा घालून आली, तर तिला पायथ्याशीच बसवून ठेवलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. अण्णांशी मात्र बोलली. झाडं लावायला कडक इस्त्रीतले प्रमुख पाहुणे आले, तेव्हा अण्णांनी पायातले गमबूट काढून त्यांच्यापुढं ठेवले. "काम काय, कपडा काय?" पाहुण्यांनी मुकाट्यानं घातले. लोक अण्णांना चक्रम म्हणतात. म्हणोत. आमच्या एकाही कार्यक्रमात आजवर कुणाला साधं खरचटलेलं नाही, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

गेल्या वर्षी विसर्जन मिरवणुकीच्या आधी आमचा अध्यक्ष रोहित मोबाइलवर एक फोटो घेऊन आला. ढोल वाजवणाऱ्या मुली, पायघोळ नऊवारी, नाकात नथ. "यंदा आपल्या पोरी अश्शाच दिसल्या पाहिजेत. नऊवारी नाही तर रांगेत जागा नाही."

ढोलावर आमची सगळ्यात दमदार पोरगी मंगल. सुरगाण्याची, इथं नर्सिंग शिकते, हॉस्टेलवर राहते. ती सरळ म्हणाली, "माझी आय गुडघ्यावर लुगडं नेसून भात लावते. हे टाचेखालचं नेसून मला ढोल नाय झेपणार. मी सलवार-कुडत्यातच वाजवीन."

"मग तू नको," रोहित म्हणाला.

तीन महिने ती एक दिवस न चुकता सरावाला आली होती. तिनं कमरेचा ढोल सोडून खाली ठेवला आणि रोहितकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, कपड्यांचा विषय आहे, अण्णा रोहितचीच बाजू घेणार. अण्णा सरळ घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंगल सरावाच्या मैदानाच्या कडेला येऊन उभी होती. अण्णा आले ते नऊवारी नेसून. वर नेहमीचा खाकी शर्ट, खाली हिरवी, तांबड्या काठांची, अगदी फोटोतल्यासारखी पायघोळ नऊवारी. पोरं लोळून हसली. मीही हसलो, कबूल करतो. एकानं मोबाइल वर केला. अण्णांनी ढोल कमरेला बांधला, टिपरू उचललं आणि म्हणाले, "हसा. हसून झालं की बघा."

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत काठ अंगठ्याखाली आला आणि अण्णा ढोलासकट गुडघ्यावर आपटले. हसणं थांबलं. रोहित धावला. त्याचा हात झिडकारून अण्णा आपले आपण उठले.

"नऊवारीत बायका वाजवतात, लय भारी वाजवतात. ज्यांना सवय हाय, त्यांनी वाजवावं. ही तोंडानं सांगती, मला जमत नाय, तरी तुला फोटोच पायजे? आता तू नेस. दोन फेऱ्या मार. मग हिला काढ."

रोहितनं नेसली नाही. "मंगल, ढोल घे," एवढंच कसंबसं म्हणाला.

सराव बघायला आलेल्या माझ्या बायकोचं लक्ष मात्र काष्ट्याकडे होतं. "अण्णा, इतकी चापूनचोपून कुणी नेसवली?"

"मीच नेसलो. आमच्या हिचा उजवा हात गेला होता ना. सात वर्षं रोज मीच नेसवायचो. पहिल्या दिवशी नुसता बोळा झाला. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली."

काकूंना अर्धांगवायू झाल्याचं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तोवर रोज नीटनेटकी नऊवारी नेसून दारात बसलेल्या दिसायच्या. त्यांना कोण नेसवतं, हे आमच्यापैकी कुणीही, कधीही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

आत अण्णांनी हाफपँट घातलेलीच होती. त्यांनी तिथंच नऊवारी सोडली आणि एक टोक मैदानाच्या फाटकाला बांधायला लागले.

"हे काय करताय, अण्णा?" मंगलनं विचारलं.

"घडी घालतोय. एवढी लांब एकट्याला नाय जमत. एक टोक ती धरायची, डाव्या हातानं. आता महिन्याला तिची सगळी लुगडी ऊन दाखवून ठेवतो, तेव्हा खिडकीच्या गजाला बांधतो."

मंगलनं फाटकाची गाठ सोडली. ते टोक दोन्ही हातांत धरून ती मागं मागं सरकत गेली. लुगडं ताणलं गेलं. अण्णा आपलं टोक धरून नुसते उभे राहिले.

"ओढ जरा," शेवटी म्हणाले. "ती ओढायची."