शांत वस्तीतलं घर

टीव्हीवरच्या जोडप्याला घर घ्यायला बरोबर बावीस मिनिटं लागायची. पहिलं घर पाहून नाक मुरडायचं, दुसरं पाहून "छान आहे, पण..." म्हणायचं, मग जाहिराती, मग तिसरं घर, मिठी आणि किल्ली. नंदिनी हा कार्यक्रम रोज दुपारी आकूला वरणभात भरवताना पाहायची. दीड वर्षाची आकू एक घास तोंडात आणि एक पडद्यावर अशा पद्धतीनं जेवायची. त्यामुळे त्या जोडप्याच्या नव्याकोऱ्या भिंतीवर नेहमी थोडं वरण असायचं.

नंदिनीचं स्वतःचं बिऱ्हाड वर्ध्यात, एका पिठाच्या चक्कीच्या बरोबर डोक्यावर होतं. सकाळी दहाला चक्की सुरू झाली की फरशी थरथरायची, रॅकवरचे पेले एकमेकांना टकटक करायचे आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी साय धरायची. तरी बिचारी आकू जेवण झालं की आईची अंगाई ऐकत दोन तास गाढ झोपायची. तेवढ्यात नंदिनीला धुणं, भांडी, स्वतःचं डोकं धुणं आणि शेवटची दहा मिनिटं नुसतं बसणं, एवढं सगळं उरकायचं असे.

"एवढ्या गलक्यात पोर दोन तास झोपते," ती नवऱ्याला म्हणायची, "शांत घरात चार तास झोपन!"

"अन् रात्री आपल्याले जागवन," रूपेश म्हणायचा.

रविवारी चक्की बंद असे आणि नेमकी त्याच दिवशी आकू दिवसभर किरकिर करी. "बाप घरी दिसला की नखरे सुचतात तिले," असं निदान सासूबाईंनी, म्हणजे देवकाबाईंनी केलं होतं. त्यावर कोणी शंका घेतली नव्हती.

तेवढ्यात घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यानं खोल्या रिकाम्या करायला दोन महिने दिले. बँकेचं कर्ज मंजूर होऊन बसलं होतं. नव्हतं ते फक्त घर. चंदनभाऊ नावाचा दलाल बोलावण्यात आला. नंदिनीनं त्याला एकच अट सांगितली, "वस्ती शांत पायजे."

रविवारी दुपारी दोन गाड्या निघाल्या. एकीवर रूपेश, नंदिनी आणि मध्ये आकू. दुसरीवर चंदनभाऊ आणि मागे पिशवी पोटाशी धरून देवकाबाई.

"बसस्टँडपासून पाच मिनिटं," चंदनभाऊ म्हणाला होता. पंधरा मिनिटं झाल्यावर रूपेशनं विचारलं, तर तो म्हणाला, "तुम्ही हळू चालवून राह्यले भाऊ."

टीव्हीवरची घरं रिकामी असतात. या पहिल्या घरात अख्खं कुटुंब पंगत मांडून जेवत होतं.

"या बाई, घासभर खा," घरची बाई म्हणाली.

"नाई नाई," म्हणत देवकाबाई पाटावर बसल्या. झुणका-भाकरी खाऊन झाल्यावर स्वयंपाकघर लहान आहे असं म्हणायला कोणाची जीभ रेटेना. तसंही काही ऐकू गेलं नसतं. पाय ठेवल्यापासून आकूनं जो गळा काढला होता तो थांबतच नव्हता.

दुसरं घर इतकं शांत होतं की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. निदान आकूनं श्वास घेतला की तेवढ्यापुरता तरी यायचा. नंदिनीनं अंगाई म्हटली, रूपेशनं खांद्यावर नाचवलं, चंदनभाऊनं किल्ल्या वाजवल्या. शेवटी शेजारीण दारात आली.

"घर पाहून राह्यले की पोरीले मारून राह्यले?"

तिसरं घर सावंगीच्या अलीकडे, प्लॉट पाडून वसवलेल्या एका लेआउटमध्ये होतं. मालक नानाजी आता मुलाकडे नागपूरला जाणार होते. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात तुळस. बजेटमध्ये बसणारं यादीतलं हे शेवटचं घर.

"शांतता म्हणजे, सूनबाई," नानाजी आकूच्या वरताण ओरडून म्हणाले, "भिंतीवरून पाल गेली तरी ऐकू येते!"

"हे बाजूचं शटर कशाचं हो?" रूपेशनं विचारलं.

"गोदाम आहे. रिकामंच राह्यते."

"अन् तुळशीवर हे पांढरं?"

"धूळ. रोडची."

देवकाबाईंनी खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं आणि हुंगलं. पन्नास वर्षं दळणं आणणाऱ्या नाकाला फसवणं सोपं नव्हतं.

"नानाजी, ही तुमची धूळ लोकवन गव्हाची हाये."

नानाजी काही बोलणार, तोच भिंतीपलीकडून आवाज आला, "ओ नानाजी! गेले काय पावणे? तीन वाजून राह्यले! इथं डब्यायची लाईन लागली!"

"कोण आहे हो?" नंदिनीनं विचारलं.

"तानबा. वेडा आहे तो. लक्ष नका देऊ."

"वेडा काऊन म्हणता?" भिंत ओरडली. "तुम्हीच त म्हणलं, घर पाहाले येऊन राह्यले, दुपारभर चक्की बंद ठेव म्हणून! आता नाई थांबत मी!"

धाडकन शटर वर गेलं. पट्टा फिरला. फरशीतून थरथर चढत आली, आणि स्वयंपाकघरातल्या रॅकवरचे पेले एकमेकांना टकटक करू लागले. नानाजी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. चंदनभाऊनं किल्ल्या खिशात टाकल्या.

आकूनं एक हुंदका दिला. दुसरा अर्धाच दिला. मग अंगठा तोंडात घातला, आईच्या खांद्यावर गाल टेकवला आणि डोळे मिटले.

नंदिनी जागच्या जागी उभी राहिली. खांद्यावर ओळखीची ऊब आणि लाळ पसरत होती. दीड वर्ष आपल्या अंगाईनं झोपते असं तिला वाटत होतं. अंगाईचं श्रेय गेलं त्याचं क्षणभर वाईट वाटलं; मग पोरीची जड झालेली मान तिनं गालानं सावरून धरली आणि तेही वाटेनासं झालं.

"सूनबाई, रागावू नका," नानाजी हात जोडत म्हणाले. "मी तानबाले समजावतो. दुपारी एक ते तीन चक्की बंद ठेवाले लावतो."

"दुपारी बंद?" नंदिनी दचकली.

"पायजे त संध्याकाळीही बंद!"

"मंग नाई जमणार आम्हाले."

नानाजींना काही कळेना. रूपेशनं त्यांना बाजूला घेऊन समजावलं, तरी दोनदा समजावावं लागलं. शेवटी तिथेच पायरीवर इसारचिठ्ठी लिहायला घेतली. त्यात चंदनभाऊनं आयुष्यात प्रथमच अशी अट घातली: शेजारची चक्की रोज दुपारी एक ते तीन सुरू राहील. साक्षीदार म्हणून तानबा आला आणि कागदावर सहीआधी त्याचा पिठाचा पंजा उमटला.

"तानबाभाऊ, सुटी कोणत्या वारी?" नंदिनीनं विचारलं.

"सोमवारी."

रूपेश आणि नंदिनीनं एकमेकांकडे पाहिलं.

"सोमवारी मी आपलं दळण घेऊन येत जाईन," देवकाबाई म्हणाल्या. "जाडं वाटलं की पुन्हा दळाले लावीन."

तानबा काही बोलायला गेला, तसं धडधडत्या चक्कीच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या पाचही जणांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," रूपेश कुजबुजला, "पोरगी उठन."