पेनड्राइव्हचा गेटपास

घरातला एक नियम असा होता की त्याला 'का' विचारायचं नाही: बाबांच्या सहीशिवाय संगणकाला पेनड्राइव्ह लावायचा नाही.

बाबा, म्हणजे कमलाकर, तळोज्याच्या केमिकल कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी कंपनीचा जुना संगणक विकत घेऊन पनवेलला आणला. सोबत गेटपासचं एक कोरं पुस्तकही आणलं. (निरोपाची शाल कपाटात गेली, पुस्तक संगणकाशेजारी राहिलं.) पाहुणा कोण, कशासाठी, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. हे सगळं आभा पेनड्राइव्हच्या नावाने भरायची आणि बाबा चष्मा लावून असं वाचायचे, जणू पोरगी अ‍ॅसिडचे ड्रम पळवतेय.

"शेजारच्या प्रांजलकडे असलं काही नाही," ती एकदा म्हणाली.

"तिचा अँटिव्हायरस लॅपटॉपसोबत फुकट आलाय. आपला कंपनीचा आहे. दोन हजार माणसांची कंपनी राखलीय त्याने."

"आपण तिघं आहोत, बाबा."

"म्हणून तर निर्धास्त आहोत."

त्या शनिवारी आभाला बी.एस्सी.चं प्रोजेक्ट पाच वाजेपर्यंत कॉलेजला मेल करायचं होतं, नाहीतर वर्ष गेलं. तीन वाजता पास भरला, सही झाली, पेनड्राइव्ह लावला. बघते तर फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट, आणि एकही उघडेना.

"सकाळी कोणी काय लावलं होतं?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले.

"तुमच्या कंपनीतल्या काशिरामभावजींच्या निरोपसमारंभाचे फोटो बघत होतात की," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"माझ्या पेनड्राइव्हला पास लागत नाही."

आभाने अँटिव्हायरस उघडला. शेवटचं अपडेट चौदा महिन्यांपूर्वीचं. खाली ओळ: सर्व्हरच्या सूचनेची प्रतीक्षा.

"हा सर्व्हर कुठे असतो?" बाबांनी विचारलं.

"तळोज्याला, तुमच्या कंपनीत. तिथून कळवल्याशिवाय हा नवा व्हायरस ओळखत नाही."

"म्हणजे वरून ऑर्डर नाही, म्हणून बसून राहिला?"

"चौदा महिने."

बाबांच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता. आदर आला. (त्यांनीही स्टोअरमध्ये तीस वर्षं तशीच काढली होती.)

पेनड्राइव्ह घेऊन आभा अनवाणीच प्रांजलकडे धावली. फुकटच्या अँटिव्हायरसने दोन मिनिटांत व्हायरस धरला, लपलेले फोल्डर दोघींनी शोधून काढले, आणि पाचला दहा कमी असताना प्रोजेक्ट गेलं.

घरी आली तर बाबा पेन घेऊन तयार. "आता आपला संगणक नीट कर. आधी पास भर."

"नाही," आभा म्हणाली. "पास भरणार नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळाल्याशिवाय हातही लावणार नाही. तीन वर्षं कॉम्प्युटर सायन्स शिकतेय मी, आणि घरात मलाच चोरासारखं तपासता. व्हायरस आणलात तुम्ही."

आई हात पुसत दारात आली. बाबांनी पेनाला टोपण लावलं. मी जिंकले, असं आभाला वाटलं.

मग बाबांनी गेटपासचं पुस्तक उलटं केलं आणि तिच्यापुढे सरकवलं. मागच्या पुठ्ठ्यावर, निळ्या बॉलपेनने, ठसठशीत अक्षरांत पासवर्ड लिहिलेला होता.

याच पुस्तकातले त्रेचाळीस पास आभाने स्वतःच्या हाताने भरले होते.