संताजीरावांची कमान

उदयसिंह जगदाळ्यांना त्यांच्याच कंपनीच्या मीटिंगमधून बाहेर काढलं गेलं, तेव्हा त्यांच्या हातात पोह्यांची अर्धी बशी होती.

"सर, रूल है," कंपनी सेक्रेटरी प्रियंका नम्रपणे म्हणाली. "सीएसआरचा पैसा तुमच्याच ट्रस्टला जातोय. डिस्कशन होईपर्यंत तुम्ही आत नाही बसू शकत."

"जातो ना भई! पाच मिनिटांचं तर काम आहे," म्हणत उदयसिंह बशीसकट बाहेरच्या सोफ्यावर येऊन बसले.

इंदूरच्या पलासियातलं हे ऑफिस आणि नमकीनची पाकिटं छापणारा सिमरोलकडचा कारखाना त्यांनीच उभा केलेला. कंपनीचे शेअर बाजारात आले आणि कायदा म्हणाला, बोर्डावर एक बाई हवी. उदयसिंहांनी फार डोकं चालवलं नाही, घरच्या इंदिराआत्यांना बसवलं. आत्यासाहेब सत्तरीच्या. पिवळी चिठ्ठी चिकटवलेली दिसली की तिथे सही करायच्या, पोह्यांवर जिरावन मसाला कमी पडलाय असं सुनवायच्या आणि घरी जायच्या. अशी डायरेक्टर मिळायला भाग्य लागतं. म्हणून यंदा सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्याच्या समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याच गळ्यात घातलं होतं.

विषय एकच होता. ट्रस्टतर्फे एका खेड्यातल्या शाळेसमोर संताजीरावांच्या, म्हणजे उदयसिंहांच्या वडिलांच्या नावाची दगडी कमान. शाळेला कुंपणाची भिंत नव्हती, त्यामुळे कमान नुसतीच उभी राहणार आणि मुलं तिला वळसा घालून आत जाणार, हे उघड होतं. पण नाव हमरस्त्यावरून दिसणार होतं. बाबांना जाऊन वर्ष होत आलं, आपण त्यांच्यासाठी काहीच केलं नाही, ही बोच उदयसिंहांना खरोखरच होती. आत्या सख्ख्या भावाच्या नावाला नाही कशाला म्हणतील? आणि तिसरे सभासद बाळकृष्णराव देव, निवृत्त बँक मॅनेजर, जो शेवटी बोलेल त्याच्याशी सहमत व्हायचे.

गडबड एकच झाली होती. अहवालात फोटो हवा म्हणून उदयसिंहांनी परवा आत्यांना गाडीनं त्या शाळेत पाठवलं होतं, तेही भरपूर चहा पाजून. शाळा बघून आत्या परतल्या त्या गाडीतून उतरून थेट बाथरूमकडे धावल्या. नंतर त्या न जेवताच खोलीत जाऊन पडल्या. उदयसिंहांना वाटलं, ऊन लागलं असेल.

पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. दाराची काच धुरकट होती, ती उदयसिंहांनीच निवडलेली. फोन लावावा तर 'मीटिंगमध्ये मोबाईल बंद' ही पाटीही त्यांनीच लावलेली, आणि आत्या पाट्या पाळणाऱ्यातल्या. शेवटी आत चहा देऊन आलेल्या गजानन शिपायाला त्यांनी गाठलं.

"झाली का सही?"

"नाही साहेब. कमान कॅन्सल. आत्यासाहेब म्हणतात, मुलींसाठी टॉयलेट बांधायचं. त्या शाळेत आहेच नाही."

उदयसिंहांना पोह्यांचा ठसका लागला. "अरे, कमानीचे खड्डे खणून झालेत! जा, सांग त्यांना!"

गजानन गेला आणि आला. "सांगितलं. म्हणाल्या, शाबास! टॉयलेटच्या टाकीला लागतीलच."

"आणि बाळकृष्णजी?"

"त्यांना पटलं."

"पटलं? अरे, दगड कोरून आलाय! त्याच्यावर बाबांचं नाव आहे! हे सांग ना, यार!"

या वेळी गजाननला जरा वेळ लागला. "साहेब, त्या म्हणाल्या, इतका छान दगड वाया नाही घालवायचा. दाराशी लावू."

"कोणत्या दाराशी?" उदयसिंहांनी विचारलं, पण उत्तर त्यांना कळलं होतं. हौसेनं कोरून घेतलेला धोंडा त्यांच्याच पायावर पडला होता. ते तडक आत घुसले.

"सर, रूल..." प्रियंका उठली.

"रूल गया तेल लेने! आत्यासाहेब, बाबांचं नाव संडासावर? पूर्ण इंदूर हसेल माझ्यावर!"

आत्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "बस, उदय. आमच्या गौतमपुऱ्याच्या शाळेत पण संडास नव्हता. मागे एक पडकी भिंत होती, तोच आडोसा. मी तिकडे गेले की तुझा बाप पाठ करून उभा राहायचा, कोणी येऊ नये म्हणून. रोज! पोरं त्याला 'पहरेदार, पहरेदार' म्हणून चिडवायची. पण हलला नाही कधी. मग तो पुढे शिकायला इंदूरला आला आणि माझी शाळा सुटली. पहाराच नाही राहिला ना!" त्यांनी कप पुन्हा उचलला. "मला तुझ्या कमानीचं नाही समजत, बेटा. पण दादा कुठे उभा राहायचा, ते मला माहीत आहे."

बाबांनी हे कधी सांगितलं नव्हतं. इतका वेळ आरडाओरडा केल्याची उदयसिंहांना लाज वाटली. बाळकृष्णरावांनी डोळे पुसून आपण सहमत असल्याचं पुन्हा सांगितलं. प्रियंकानं पिवळी चिठ्ठी लावलेला कागद पुढे सरकवला. आत्यांनी चष्मा लावला आणि सही करण्याआधी पहिल्यांदाच तो पूर्ण वाचला.

टॉयलेटच्या उद्घाटनाला बँड आला, जिलेबी आली. नव्याकोऱ्या भिंतीवर 'कै. संताजीराव जगदाळे स्मृती प्रवेशद्वार' हा दगड झळकत होता. कोरलेलं पुसता येत नाही, त्यामुळे 'प्रवेशद्वार' हा शब्द तसाच राहिला होता. फीत कापून पाहुणे फोटोसाठी मांडवाकडे वळले. उदयसिंह मागे रेंगाळून दगडावरची धूळ पुसत होते, तेवढ्यात दोन वेण्या घातलेली एक मुलगी धावत आली. तिनं आत शिरून दार ओढून पाहिलं, कडी बसेना, मग बाहेर डोकं काढलं.

"अंकलजी, कुंडी नी लग री है. आप यहीं खड़े रेना, कोई आए नी!"

"साहेब!" मांडवातून गजानन ओरडला. "चला ना, फोटो! सगळे रुके हैं!"

"येतो," उदयसिंहांनी दगडाशेजारून हात हलवला. "आता नाही हलता येत."

आणि ते दाराकडे पाठ करून उभे राहिले.