कागदावर रिकामा

"कुठे ठेवलात म्हणालात?" बायकोने तिसऱ्यांदा विचारलं. कंटेनर डेपोच्या सुपरवायझरने तिसऱ्यांदा मान खाली घातली. "रिकाम्या कंटेनरमध्ये."

ठेवला होता पाळणा. बायकोच्या वडिलांनी, हाडाच्या सुताराने, शेवटच्या दुखण्यात घडवलेला. त्यांच्या हातची तेवढीच वस्तू घरात उरली होती. लेक बंदराच्या गावी, दिवस भरत आलेले. पाळणा तिच्याकडे पोचवायचा. सरळ टेम्पो करावा की नाही? पण नाही, साहेबांनी डोकं चालवलं! बंदर सहाशे किलोमीटर लांब असलं, तरी त्याचा डेपो इथे, रुळांच्या कडेला. रिकामे कंटेनर रोज मालगाडीने बंदराकडे परत जात आणि तिथल्या मैदानात आठवडाभर पडून राहत. जावई बंदरातच कामाला. त्याने पाळणा काढून घ्यायचा, की झालं.

फक्त, त्याच आठवड्यात रूळ मैदान ओलांडून थेट जहाजाच्या धक्क्यापर्यंत नेले होते. उद्घाटनाला सुपरवायझर स्वतः टाळ्या वाजवून आला होता.

"बाबा, गाडी मैदानात थांबलीच नाही हो," जावयाचा फोनवर रडवेला आवाज. "थेट जहाजापाशी गेली."

"मग उघडायला सांगा ना कंटेनर!"

"सांगितलं. ते म्हणतात, कागदावर रिकामा आहे, रिकाम्यात काय बघायचं?"

सुपरवायझरने घाईघाईने संगणकावर 'रिकामा' खोडून 'भरलेला' केलं. आता भरलेल्याला कस्टमच्या परवानगीशिवाय हात लावता येईना, आणि कस्टमचे साहेब जेवायला गेलेले. ते हात पुसत आले तोवर जहाज सुटलं होतं.

"सुटलेल्या जहाजावरची नोंद बदलता येत नाही," ते म्हणाले. "करा बघू परत रिकामा."

त्याने मुकाट्याने केला.

त्या दिवसापासून बायकोने अबोला धरला. नातू झाला, तो बाजारातल्या पाळण्यात झोपू लागला, तरी ती बोलेना. ताट समोर ठेवी आणि आत निघून जाई. सासऱ्यांच्या फोटोकडे बघायची त्याची छाती होईना. घर नुसतं खायला उठे. जहाज जिथे जिथे लागणार, त्या प्रत्येक बंदराला त्याने पत्र लिहिलं.

अडीच महिन्यांनी एका दूरच्या बंदरातून उत्तर आलं. रिकाम्या कंटेनरमध्ये पाळणा निघाला. कुणी टाकून दिला असेल, असं समजून आमच्या क्रेनवाल्याने घरी नेला. परत हवा असल्यास कळवावे. सोबत फोटो होता. पाळण्यात कुणाचं तरी बाळ मुठी आवळून गाढ झोपलं होतं.

त्याने घाबरत घाबरत फोटो बायकोपुढे धरला. तिने तो हातात घेऊन पाळणा खुंटीन् खुंटी न्याहाळला. तिचे डोळे भरून आले.

"परत मागवू ना?"

"झोपलेल्या लेकराला काय उठवायचं?" अडीच महिन्यांत ती पहिल्यांदा बोलली. "पण अहो, त्यांना एवढं लिहा. डोक्याकडची खुंटी सैल आहे, ठोकून घ्या म्हणावं. बाबांची तेवढी राहून गेली."