अंझोरच्या बाटलीत गुरामची वाईन

अंझोरच्या अंगणात पुन्हा एक गाडी येऊन थांबली आणि कुंपणाअलीकडे वेली छाटणाऱ्या गुरामच्या पोटात दुखायला लागलं.

"आले बघ त्याचे विद्यार्थी," तो बायकोला म्हणाला. "तिबिलिसीच्या शहरी पोरांना म्हणे नैसर्गिक वाईन शिकवतो! अगं, द्राक्षं तुडवायची, सालींसकट जमिनीत पुरलेल्या रांजणात ओतायची, वर झाकण घालायचं. पुढचं देव बघतो. यात शिकवायचं काय?"

"मग तू शिकव," त्सियाला म्हणाली. "तुला कोणी अडवलंय?"

अडवलं कोणीच नव्हतं. बोलावलंही कोणी नव्हतं, हेच खरं दुखणं होतं. दोघांची द्राक्षं एकाच टेकडीवरची, रांजण एकाच कुंभाराचे, आणि कौतुक तेवढं अंझोरचं! गुरामला रात्रीची झोप लागत नसे.

तेवढ्यात अंझोरच धापा टाकत कुंपणाशी आला. "गुराम, गाय अडलीय रे! मला गोठ्यातून हलता येत नाही. टेबलावर बाटल्या मांडल्यात, पांढरी, केशरी, लाल. पोरं अगदी नवखी आहेत. तेवढी चाखव त्यांना."

"जा तू, निर्धास्त जा!" गुराम म्हणाला. त्याला गाईची पापी घ्यावीशी वाटली.

जाताना तो आपल्या तळघरात शिरला. उत्तम रांजणातली केशरी वाईन त्याने सुरईत भरून घेतली. कोपऱ्यातला एक रांजण पार आंबला होता, त्याचा शिरका त्सियाला लोणच्याला वापरायची. तो एका भांड्यात घेतला आणि अंझोरच्या घरी पोचताच त्याची केशरी बाटली कुंडीत रिकामी करून तिच्यात ओतला. आता होऊन जाऊ दे तुलना!

"ही अंझोरची केशरी," तो पाहुण्यांना म्हणाला, "आणि ही माझी. चाखा आणि खरं काय ते सांगा."

नुत्सा नावाच्या चष्मेवाल्या मुलीने अंझोरच्या बाटलीतला घोट घेतला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गुराम मनातल्या मनात मांडे खाऊ लागला.

"अप्रतिम!" नुत्सा म्हणाली. "हीच खरी जिवंत वाईन!"

"काय धार आहे!" तिचा दाढीवाला मित्र म्हणाला. "तुमचीपण बरी आहे हं काका. दुकानात मिळते तशी."

"अरे, नीट चाख! आंबट ढाण आहे ती!"

"तेच तर! नैसर्गिक वाईन अशीच लागते. आम्ही वाचलंय."

गुरामचा नुसता जळफळाट झाला. इतक्यात बाह्या सावरत अंझोर आला. "वासरू झालं!" पोरांनी जल्लोष केला आणि त्याच्या हातात त्याच बाटलीतला काठोकाठ भरलेला पेला दिला. त्यांच्या गावात नव्या जिवाच्या नावाने उचललेला पेला संपवल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. पहिल्या घोटाला अंझोर थबकला. त्याने गुरामकडे पाहिलं. मग डोळे मिटून त्याने पेला रिकामा केला.

"मंडळी," तो ठसकत म्हणाला, "ही वाईन माझी नाही. अशी मला जन्मात जमायची नाही. ही गुरामची!"

पोरांनी गुरामला मिठ्या मारल्या, फोटो काढले, आहे तेवढी सगळी मागितली. शिरका आहे म्हणावं तर बाटलीत कोणी ओतला तेही सांगावं लागणार. बिचाऱ्याने आपल्या हातांनी कोपऱ्यातल्या रांजणातून त्यांचे कॅन भरून आणून दिले.

"आता मी लोणचं कशात घालू?" कुंपणापलीकडून त्सियाला ओरडली.

गाडी गेली. सुरई जवळजवळ तशीच भरलेली होती. अंझोरने चूळ भरावी तसा तिच्यातला एक घोट घेतला आणि लगेच दुसरा घेतला.

"गुराम," तो हळूच म्हणाला, "ही माझ्यापेक्षा सरस आहे. दरवर्षी असते. म्हणून तर पोरांना कधी तुझ्या दाराशी फिरकू दिलं नाही. जळतो रे मी तुझ्यावर."

गुराम ताडकन उठला. "त्सियाला! अगं, पळत ये! अंझोर, म्हण, म्हण पुन्हा एकदा!"

त्सियाला हात पुसत आली.

"काही नाही, वहिनी," अंझोर म्हणाला. "म्हटलं, पोरांना फार आवडली याची वाईन."